ओसाड कारखाना आणि नाचणारे शरीर : फर्दापूरच्या फाट्यावरचा एक वाद

स्थलनिष्ठ नृत्य म्हणजे एखाद्या विशिष्ट जागेच्या मापांवर, उजेडावर, जमिनीवर आणि पूर्वेतिहासावर बेतलेली अशी रचना, की जी तेथून उचलून दुसरीकडे नेली तर ती वेगळीच रचना होऊन बसते. रंगमंचावरचे नृत्य स्वभावाने फिरस्ते असते. कोल्हापूरच्या नाट्यगृहात बसवलेला कार्यक्रम फारसा फेरफार न करता नागपूरला करता येतो, कारण दोन्हीकडे सपाट लाकडी पट, तीन बाजूंची झाकण आणि समोर अंधारात बसलेला प्रेक्षक हे गृहीतच असते. स्थलनिष्ठ नृत्यात यांपैकी काहीच गृहीत नसते आणि मध्येच उभा असलेला खांब, उतरती जमीन, गळके छप्पर किंवा घुमणारा आवाज ही अडचण न राहता रचनेचे साहित्य बनते. या प्रकाराला बंद पडलेल्या कारखान्यांची विशेष ओढ आहे, आणि तिची कारणे जितकी कलेची तितकीच व्यवहाराचीही आहेत. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील उद्योग बाहेर पडल्यावर त्यांचे उंच छताचे मजले स्वस्तात मिळू लागले आणि कलावंत तेथे राहायला गेले. ट्रिशा ब्राउन या नृत्यरचनाकर्तीने १९७० मध्ये त्याच भागात एका माणसाला दोराच्या आधाराने, जमिनीला समांतर ठेवून, इमारतीच्या भिंतीवरून चालत खाली उतरवले आणि पुढच्या वर्षी नर्तकांना एकमेकांपासून दूर दूर छपरांवर उभे करून हालचालींचा निरोप एका छपरावरून दुसऱ्या छपरावर पोहोचवला.

या प्रकाराविषयीचा वाद येथे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फर्दापूरच्या फाट्यावर मांडला आहे. फर्दापूर हे अजिंठ्याच्या घाटाखाली, जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तेथे गिरणीचे धुराडे कधी नव्हते, तरी रिकाम्या झालेल्या वास्तूचा प्रश्न तेथे दोन वेगळ्या रूपांत समोर येतो, हे पुढे दिसेल. वाद घालणारे दोघे कोणी विशिष्ट व्यक्ती नसून दोन भूमिका आहेत. एक नृत्यरचनाकर्ती, जिला सोयीसाठी ‘ताई’ म्हटले आहे, आणि दुसरे गावातील निवृत्त शिक्षक, ज्यांना पंचक्रोशी ‘गुरुजी’ म्हणते आणि ज्यांच्या घरातील मागची पिढी मुंबईच्या गिरण्यांत राबलेली आहे.

ताईंची मांडणी अशी, की बंद कारखाना हा शरीराला प्रामाणिक बनवतो. कापडगिरणीच्या विणकाम खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते आणि त्यातील काचा बहुधा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात, म्हणजे ऊन थेट आत न येता दिवसभर सारखा उजेड पडतो. हा उजेड सुतातील दोष दिसावा म्हणून योजलेला, पण त्यात नर्तकाच्या शरीरातील दोषही तितक्याच निर्दयपणे दिसतात. खांब ठरावीक अंतरावर उभे असल्यामुळे कोणत्याही एका ठिकाणाहून सगळे दिसत नाही, प्रेक्षकाला चालावे लागते, आणि चालणारा प्रेक्षक काय पाहायचे हे स्वतः निवडतो. खाली कठीण कोबा असल्याने उडी मोजूनच घ्यावी लागते, कारण नृत्याच्या लाकडी पटात असणारी लवचीकता तेथे नसते आणि नडगीचे हाड चूक विसरत नाही. ‘गुरुजी, सभागृहात नर्तक जागेवर राज्य करतो, येथे जागा नर्तकावर राज्य करते, आणि हा उलटा क्रम कलेच्या हिताचा आहे,’ असे त्यांचे म्हणणे.

गुरुजींना यात खोट दिसते ती ‘रिकामी’ या शब्दाआडच्या सोयीस्कर मौनात. त्यांच्या मते कोणताही कारखाना आपोआप रिकामा होत नाही. तो कोणीतरी, कोणत्या तरी हिशेबाने रिकामा केलेला असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि पुढे अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट खुली केल्यावर लोअर परळचे रूप पालटले. ‘ताई, तुमच्या नर्तकाला तो उंच अवकाश फुकट मिळालेला दिसतो, त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी आधीच चुकती केलेली असते.’ याला जोडून ते एक उदाहरण देतात. कुलाब्यातील मुकेश मिल १९८० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तेव्हापासून ती चित्रीकरणाची जागा म्हणूनच लोकांना ठाऊक आहे. १९९१ च्या ‘हम’ या हिंदी चित्रपटातील ‘जुम्मा चुम्मा’ हे गाणे तेथेच चित्रित झाले. बंद गिरणीत, गोदी कामगारांचे सोंग घेतलेला शेकडोंचा समुदाय नाचतो, देशभर ते नृत्य लोकप्रिय होते, आणि ज्या आवारात खरे कामगार काही वर्षांपूर्वीपर्यंत पाळी भरत होते त्याचा मागमूस त्या गाण्यात कोठेही नाही. गुरुजींच्या हिशेबी महाराष्ट्रातील ओसाड कारखान्यात झालेले सर्वाधिक पाहिले गेलेले नृत्य हेच, आणि त्यावरून या साऱ्या प्रकाराची परीक्षा व्हायला हवी.

ताई हे उदाहरण नाकारत नाहीत, पण ते स्थलनिष्ठ नृत्याचे उदाहरण मानत नाहीत. त्या गाण्यात गिरणी ही पार्श्वभूमी आहे. तीच हालचाल एखाद्या स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यासमोर केली असती तरी चालले असते, आणि हीच कसोटी लावली तर ते रंगमंचीय नृत्यच ठरते, फक्त रंगमंच भाड्याचा. याच्या उलट उदाहरण म्हणून त्या जर्मनीतील एसेन शहरातल्या झोलफरायन कोळसा खाणीकडे बोट दाखवतात. ही खाण १९८६ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला, आणि पाळी संपवून वर आलेले खाणकामगार जेथे अंग धूत, कपडे बदलत, त्या स्नानगृहाच्या इमारतीत २००२ पासून नृत्याचे केंद्र चालते. यंत्रांच्या मोठ्या दालनाऐवजी स्नानगृहच नृत्याच्या वाट्याला आले, हे ताईंना अर्थपूर्ण वाटते, कारण साऱ्या खाणीत कामगाराचे शरीर हे केवळ शरीर म्हणून जेथे वावरले अशी जागा तीच होती. गुरुजी येथे थोडे नमतात, पण लगेच विचारतात, की तेथे सरकारने पैसा ओतला, जुनी वास्तू राखली, खाणीचा इतिहास सांगणारे संग्रहालयही शेजारीच ठेवले. आपल्याकडे जळगावची खानदेश मिल बंद पडल्यावर तिच्या जागेवर ‘खानदेश सेंट्रल’ नावाचे व्यापारी संकुल आले, मग नर्तकाने नाचायचे कोठे आणि आठवायचे काय? या प्रश्नाला ताईंपाशी उत्तर नाही, आणि ते नसल्याचे त्या लपवतही नाहीत.

वादाचा खरा गाभा मात्र वास्तूत नसून हालचालीत आहे, आणि तेथे दोघांनाही आपापली भूमिका बदलावी लागते. ताईंचा आग्रह असा, की गिरणीत नाचायचे तर गिरणीतील कामाच्या हालचाली शिकून घ्याव्यात: तुटलेला दोरा चिमटीत धरून क्षणात सांधणे, भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या चढवणे, साच्याच्या म्हणजे मागाच्या कर्णकर्कश खडखडाटात ओठांच्या आणि हातांच्या खुणांनी बोलणे. या हालचालींना मोठी लय आहे आणि शास्त्रीय नृत्यातील हस्तमुद्रांइतकीच काटेकोर शिस्तही आहे. गुरुजी त्यावर एकाच हालचालीचा दाखला देतात, आणि या संपूर्ण वादातील सर्वांत जड मुद्दा तोच आहे. विणकर नवी कांडी भरताना धोट्याच्या छिद्रातून दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून घेई. धोटा म्हणजे ताण्यातून आडवा दोरा नेणारा, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. मुंबईच्या गिरण्यांत या एका कृतीचे निमित्त करून दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला गेला, कारण एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार होता. जास्त मजुरीचे खाते त्यामुळे त्यांना बंद राहिले आणि कमी मजुरीच्या कताईच्या खात्यांत त्यांना राबावे लागले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला आणि कामगारांच्या मागण्यांत त्याचाही विचार व्हावा असा आग्रह धरला. ‘आता सांगा ताई, धोटा ओठांशी नेण्याची ती देखणी हालचाल तुमचा कोणता नर्तक करणार, आणि ती करताना त्याला ठाऊक असणार का, की त्या हालचालीपाशी उभे राहण्याचाच हक्क दलित कामगारांना नव्हता?’

याचे उत्तर देताना ताई ठाम होतात. त्यांच्या मते हा मुद्दा स्थलनिष्ठ नृत्याच्या विरोधात जात नाही, उलट त्याची गरज दाखवतो. कारण लेखात ही गोष्ट माहिती म्हणून वाचली जाते, पण एक शरीर ती हालचाल करते आणि दुसरे शरीर त्याच रांगेत उभे राहून हात तेवढाच उचलते व अर्ध्यावर थांबवते, तेव्हा पाहणाऱ्याला ती मनाई शरीराच्या पातळीवर कळते. येथे लेखकाचे मत ताईंच्या बाजूने झुकते, पण एका अटीवर: हे कळण्यासाठी प्रेक्षकाला हालचालीचा संदर्भ कोणत्या तरी मार्गाने आधी मिळालेला असला पाहिजे. स्थलनिष्ठ नृत्याचे पुरस्कर्ते अनेकदा असे धरून चालतात की भिंती स्वतःच बोलतात. भिंती बोलत नाहीत. ओल, गंज आणि तडे यांच्यातून एक सरसकट उदासी तेवढी व्यक्त होते, आणि ती उदासी साखर कारखान्यालाही चालते, जिनिंगलाही चालते आणि पडक्या वाड्यालाही चालते. नेमका इतिहास हा माणसाच्या तोंडूनच यावा लागतो.

मुंबईच्या गिरणगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गुरुजी नोंदवतात, जी नृत्याच्या अभ्यासकांकडून सहसा सुटते. कामगारांचे नृत्य गिरणीच्या आत कधी नव्हतेच. ते चाळीच्या चौकात, गल्लीत आणि मंडपात होते. कोकणातून आलेल्यांचे जाखडी नाच आणि नमन, घाटावरून आलेल्यांचे तमाशे आणि भजने, आखाड्यांची लेझीम, लालबागच्या हनुमान थिएटरात उतरणारे तमाशाचे फड आणि शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या लालबावटा कलापथकाची लोकनाट्ये, हे सगळे भोंगा झाल्यानंतरचे, पाळीबाहेरचे जग होते. मग आज गिरणीच्या दालनात नाचणारा नर्तक नेमक्या कोणत्या स्मृतीशी नाते सांगतो, असा त्यांचा प्रश्न. ताईंचे उत्तर थोडक्यात असे, की दसऱ्याला यंत्रांची पूजा होत असे तेव्हा बायकापोरांनाही खात्यांत येता येई, म्हणजे दालन अगदीच उत्सवाला पारखे नव्हते. पण हे उत्तर अपुरे आहे आणि या मुद्द्यावर गुरुजींचीच सरशी मानली पाहिजे.

आता फर्दापूर. गुरुजींचा दावा असा, की ओसाड पडलेली कामाची जागा पाहण्यासाठी मुंबईला जाण्याचे कारण नाही, कारण वाघोरा नदीच्या वळणावरची अजिंठ्याची लेणी हीच तशी जागा आहे. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाच्या मांडणीनुसार वाकाटक सम्राट हरिषेण याच्या मृत्यूनंतर, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात, राजाश्रय कोसळला आणि चालू कामे जागच्या जागी थांबली. ही कालगणना सर्वांना मान्य नाही, पण कामे अर्धवट थांबल्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे: चोविसाव्या लेण्यात खडक कसा टप्प्याटप्प्याने फोडत नेला जाई, ते अपुऱ्या खांबांवरून आणि छिन्नीच्या उघड्या घावांवरून आजही समजते. १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी तेथे पोहोचेपर्यंत बाहेरच्या जगाला या लेण्यांचे विस्मरणच झाले होते. ‘ज्याला तुम्ही वारसा म्हणता, ताई, ती एका फार मोठ्या कामाची बंद पडलेली जागा आहे, फक्त तिला बंद पडून इतका काळ लोटला, की मजुरी कोणाची बुडाली हे विचारायला कोणी उरले नाही.’ हा मुद्दा ताईंना अनपेक्षित असतो. पहिल्या लेण्यात महाजनक जातकातील नर्तकीचे जे चित्र आहे, वादकस्त्रियांच्या मेळ्यात, कंबरेत वळलेली आणि दागिन्यांनी लवलेली, ते त्यांनी आजवर नृत्याचा पुरावा म्हणूनच पाहिलेले असते, आणि ते चित्र काढणाऱ्या हाताचा प्रश्न त्यांना पडलेला नसतो.

या चित्रांनी नृत्यालाही पूर्वी हाक दिली आहे. रशियन नर्तकी ॲना पावलोवा हिने अजिंठ्याच्या चित्रांवरून प्रेरणा घेऊन १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ या आशयाच्या नावाचे बॅले सादर केले. संगीत अलेक्सांद्र चेरेपनिन याचे होते. लेणे रंगवलेल्या पडद्याच्या रूपात रंगमंचावर गेले, म्हणजे स्थलनिष्ठ नृत्याच्या नेमके उलट घडले. अजिंठ्याचा इतिहास अशा स्थलांतरांनी भरलेला आहे. रॉबर्ट गिल या चित्रकाराने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या, जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये तशाच आगीत गेल्या, आणि ज्यांच्या नाशाच्या भीतीने त्या केल्या ती मूळ चित्रे मात्र अजून भिंतीवर आहेत.

त्याच मालिकेतील अलीकडची वास्तू फर्दापूरच्या फाट्यावर उभी आहे. जपानच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातून येथे अभ्यागत केंद्र बांधले गेले, त्यात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या, २०१३ मध्ये ते खुले झाले आणि पाणी-विजेच्या थकबाकीमुळे ते दशक संपण्यापूर्वीच बंद पडले. ताईंना या केंद्रात नृत्य करावेसे वाटते. गुरुजी प्रथम थट्टेनेच विचारतात, की जी जागाच दुसऱ्या जागेची नक्कल आहे तिच्यात स्थलनिष्ठ होणार कशाशी? ताईंचे उत्तर विचार करायला लावणारे आहे: नक्कल ही सुद्धा कोणी तरी बांधलेली, रंगवलेली आणि मग सोडून दिलेली जागा असते, आणि मूळ लेण्यापेक्षा ती एका अर्थाने अधिक मोकळी असते. मूळ लेण्यात नृत्य करता येत नाही, ते योग्यही आहे. १९५९ च्या नियमांनुसार केंद्रसंरक्षित स्मारकात करमणुकीचे कार्यक्रम शासनाच्या लेखी परवानगीशिवाय होत नाहीत, शिवाय माणसांच्या श्वासातली आर्द्रता आणि उष्णता चित्रांना घातक असते. वेरूळचा महोत्सव पूर्वी कैलास लेण्याच्या सान्निध्यात होई, तो पुढे छत्रपती संभाजीनगर शहरातील सोनेरी महालाकडे गेला, तेव्हा जागेशी असलेले नाते पातळ झाले, पण दगड सुरक्षित राहिला. नकलेत हा पेच नाही.

राहिला कामाच्या हालचालींचा प्रश्न, आणि येथे गुरुजी स्वतःच सामग्री पुरवतात. अजिंठ्याच्या पायऱ्यांवरून थकलेल्या पर्यटकाला खुर्चीच्या डोलीतून वाहून नेणारे चौघे एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवतात, आणि चढावर पुढच्या जोडीने खांदा किती खाली घ्यायचा हे बोलल्याशिवाय ठरते. लेण्यात विजेचे सौम्य दिवे येण्यापूर्वी परिचर पांढरी कापडे किंवा चकचकीत पत्रे दाराशी धरून ऊन आत परतवीत, आणि पाहणाऱ्याच्या नजरेबरोबर तो उजेड भिंतीवरून सरकवीत. त्या कामात मनगटाचे जे कसब लागते ते कोणत्याही नृत्यशाळेत शिकवले जात नाही. वीज तोडलेल्या केंद्रात दिव्यांचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो, असे ताई म्हणतात: प्रयोग दिवसा व्हावा, उजेड परतवलेल्या उन्हाचा असावा, आणि तो धरणारे हात प्रेक्षकाला दिसावेत.

गुरुजींची अट एवढीच, की ते हात डोलीवाल्यांचे आणि परिचरांचे स्वतःचे असावेत, त्यांना नर्तकांइतकेच मानधन मिळावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे वर असावीत. मानधन आणि नावे ताईंना तत्काळ मान्य होतात. हातांच्या बाबतीत त्या अडतात. रोज पोटासाठी जे ओझे वाहायचे तेच पुन्हा प्रेक्षकांसमोर कला म्हणून वाहायला लावणे हा सन्मान आहे की दुसरी पाळी, असे त्या विचारतात, आणि नर्तकाने ती हालचाल शिकून, चुकत, धापा टाकत करावी, म्हणजे ती किती अवघड आहे हे तरी दिसेल, असा त्यांचा पर्याय असतो. गुरुजींना हा पर्याय अगदीच नामंजूर नाही, पण शिकवणारा डोलीवाला त्या वेळी बाजूला उभा राहून नर्तकाच्या चुका मोठ्याने दुरुस्त करील, आणि तेही प्रयोगाचाच भाग धरले जाईल, यावर ते अडून बसतात. ताईंना त्याने लय मोडेल अशी भीती वाटते, आणि या एका कलमावर दोघांचे अद्याप जुळलेले नाही.